भांडागारिकाचा पाचवा गुण

विनयपिटकाच्या महावग्गातील चीवरक्खन्धकात एक साधी हकीकत आहे. भिक्खू चीवरे मंडपात, झाडाखाली ठेवीत. उंदीर व वाळवी ती खाऊन टाकीत. तेव्हा भगवान बुद्धांनी भांडागाराची अनुज्ञा दिली. भांडागार झाले, पण ते राखणारा कोणी नव्हता. म्हणून संघाने भांडागारिक नेमावा असे ठरले. तो छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी जाणारा नसावा, आणि काय रक्षिले गेले व काय नाही हे त्याला कळावे. पहिले चार गुण शीलाचे आहेत. पाचवा मात्र निव्वळ जाणकारीचा आहे. याच प्रकरणात पुढे आणखी एक नियम येतो, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. छब्बग्गिय भिक्खूंनी भांडागारिकाला त्याच्या जागेवरून उठविले. तेव्हा असे करणाऱ्यास दुक्कटाची आपत्ती सांगितली गेली. आनंदाला परंपरेने 'धम्मभांडागारिक' म्हटले, ते या पार्श्वभूमीवर वाचावे.

पुण्यात या पाचव्या गुणाचे ठळक उदाहरण म्हणजे परशुराम कृष्ण गोडे. मुंबई सरकारने १८६६ पासून ब्यूलर, कीलहॉर्न, रा. गो. भांडारकर आदी विद्वानांकरवी जमविलेली हस्तलिखिते डेक्कन कॉलेजातून १ एप्रिल १९१८ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाली. गोडे १९१९ मध्ये तेथे क्युरेटर झाले आणि १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच पदावर राहिले. बेचाळीस वर्षे त्यांना कोणी उठविले नाही! पोथीच्या अखेरचा लेखनशक पाहावा, ग्रंथकार कोणाचा उल्लेख करतो व त्याचा उल्लेख कोण करतो हे नोंदवावे, आणि त्या दोन मर्यादांमध्ये ग्रंथाचा काळ पकडावा, ही त्यांची रीत. दारूकामापासून तांबूलापर्यंतचे त्यांचे लेख या सूचीकामातूनच उपजले. सूची करणे हे कारकुनाचे काम मानणाऱ्यांनी ते जरूर पाहावेत.

आपल्या दृष्टीने प्रश्न अधिक निकडीचा आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. त्यांचे अप्रकाशित लेखन छापण्यासाठी महाराष्ट्र शासनाची समिती झाली १९७६ मध्ये. वसंत मून यांनी त्या कागदपत्रांवर घेतलेली मेहनत सर्वश्रुत आहे. बाबासाहेबांनी सिद्ध केलेले पालि व्याकरण व कोश १९९८ मध्ये सोळाव्या खंडात वाचकांच्या हाती आले, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. पालि शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला ही बेचाळीस वर्षे गोडे यांच्या बेचाळीस वर्षांशेजारी ठेवून पाहावीशी वाटतात.

आपल्या विहारांतही पुस्तकांची कपाटे आहेत. त्यांत धम्मदीक्षेच्या काळातील पत्रके, परिषदांचे अहवाल, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक असतात. इतरत्र ते मिळणे कठीण. एका विहारात एक निवृत्त शिक्षक दाखल नोंदवही चोख ठेवीत. समिती बदलली, किल्ली दुसऱ्याकडे गेली. दोन पावसाळ्यांनंतर कपाट उघडले, तेव्हा खालचा कप्पा वाळवीने खाल्लेला होता. त्या कप्प्यात काय होते, ते आज केवळ त्या शिक्षकांच्या नोंदवहीवरून कळते.