मोठ्या शाळेच्या छोट्या शाळा : विभाजनाच्या प्रयोगातून काय हाती लागले?

नवी दिल्ली : दोन-तीन हजार विद्यार्थ्यांच्या एका सरकारी शाळेच्या जागी चारशे-चारशे विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र शाळा उभ्या केल्या, तर मुले अधिक शिकतात का? अमेरिकेतील शिक्षणव्यवस्था गेली पन्नास वर्षे या प्रश्नाचे उत्तर शोधत आहे. तेथे हा प्रयोग काही शहरांत यशस्वी झाला, तर काही ठिकाणी पूर्णतः फसला. भारतात सध्या धोरणाची दिशा याच्या उलट असून, कमी पटसंख्येच्या शाळा एकत्र करण्यावर भर आहे. शाळेच्या आकाराचा आणि शिकण्याचा नेमका संबंध काय, हे समजून घेण्यासाठी दोन्ही अनुभव एकत्र पाहणे उपयुक्त ठरते.

मोठ्या शाळा का उभ्या राहिल्या?

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या ग्रामीण भागात एकशिक्षकी शाळा सर्वत्र होत्या. १९३० च्या सुमारास त्यांची संख्या दीड लाखांच्या घरात होती. वाहतुकीच्या सोयी वाढल्या तशा या शाळा बंद होऊन त्यांच्या जागी मोठ्या एकत्रित शाळा आल्या. हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालवजा पुस्तकात लहान माध्यमिक शाळांवर कठोर टीका केली. शेवटच्या इयत्तेत किमान शंभर विद्यार्थी असल्याशिवाय विज्ञान, गणित आणि परकीय भाषा यांचे दर्जेदार वर्ग चालवणे परवडत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. अंतराळस्पर्धेच्या त्या काळात हा विचार सर्वमान्य झाला आणि शहरांतून हजारो विद्यार्थ्यांच्या माध्यमिक शाळा उभ्या राहिल्या.

या विचाराला पहिले अभ्यासपूर्ण आव्हान १९६४ मध्ये मिळाले. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या मानसशास्त्रज्ञांनी कॅन्सस राज्यातील शाळांचा अभ्यास केला. मोठ्या शाळेत विषय आणि उपक्रम अधिक असतात; मात्र त्यांत प्रत्यक्ष भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण लहान शाळेत जास्त असते, असे त्यांना आढळले. लहान शाळेत नाटकासाठी, संघासाठी, वार्षिक अंकासाठी जवळजवळ प्रत्येक मुलाची गरज भासते. मोठ्या शाळेत बहुसंख्य मुले प्रेक्षकच राहतात.

ईस्ट हार्लेममधील सुरुवात

विभाजनाच्या चळवळीचे मूळ न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत आहे. डेबोरा मायर या शिक्षिकेने १९७४ मध्ये तेथे सेंट्रल पार्क ईस्ट ही छोटी सरकारी प्राथमिक शाळा सुरू केली. त्या विभागाचे तत्कालीन शिक्षणाधिकारी अँथनी अल्वाराडो यांनी अशा शाळांना स्वायत्तता दिली. एकाच इमारतीत दोन-तीन स्वतंत्र शाळा चालू लागल्या. शाळा म्हणजे इमारत हे समीकरण येथे प्रथम मोडले. १९८५ मध्ये मायर यांनी माध्यमिक शाळाही सुरू केली.

नव्वदच्या दशकात मॅनहॅटनमधील ज्युलिया रिचमन या मोठ्या माध्यमिक शाळेत हेच सूत्र वापरण्यात आले. जुन्या शाळेने नववीचे नवे प्रवेश थांबवले. दरम्यान नव्या छोट्या शाळा अन्यत्र सुरू झाल्या आणि जुनी शाळा रिकामी होत गेल्यावर त्या या इमारतीत आल्या. आज त्या संकुलात चार माध्यमिक शाळा, एक प्राथमिक-उच्च प्राथमिक शाळा आणि विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठीची शाळा आहे. ग्रंथालय, प्रेक्षागृह आणि व्यायामशाळा सामाईक; मुख्याध्यापक, शिक्षकवर्ग आणि अभ्यासाची पद्धत मात्र प्रत्येकाची वेगळी.

न्यूयॉर्कचा व्यापक प्रयोग

सर्वांत मोठा प्रयोग २००२ ते २००८ या काळात न्यूयॉर्क शहरात झाला. महापौर मायकेल ब्लूमबर्ग आणि शिक्षणप्रमुख जोएल क्लाइन यांच्या कारकिर्दीत कमी निकालाच्या वीसहून अधिक मोठ्या माध्यमिक शाळा टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आल्या आणि दोनशेहून अधिक नव्या छोट्या शाळा सुरू झाल्या. त्यांपैकी १२३ शाळांत प्रवेशासाठी गुणांची अट नव्हती. प्रत्येक इयत्तेत सुमारे शंभर, म्हणजे नववी ते बारावी मिळून चारशेच्या आसपास विद्यार्थी अशी त्यांची रचना होती.

नवी शाळा मागणाऱ्यांना आधी लेखी आराखडा सादर करावा लागे. शाळेचे शैक्षणिक सूत्र काय, शिक्षक कसे निवडणार, प्रत्येक विद्यार्थ्याकडे लक्ष देण्याची जबाबदारी कोणावर, स्थानिक संस्थांचे साहाय्य कसे घेणार, या प्रश्नांची उत्तरे त्यात अपेक्षित असत. या शाळांत प्रवेश घेणारी बहुतेक मुले गरीब कुटुंबांतील कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची होती. नववीत येतानाच अनेकांचे वाचन व गणित इयत्तेच्या मागे होते.

सोडतीतून मिळालेला पुरावा

शाळांची तुलना करताना एक अडचण नेहमी येते. जागरूक पालक चांगली शाळा निवडतात. मग निकालाचे श्रेय शाळेला द्यायचे की घराला? न्यूयॉर्कमध्ये ही अडचण योगायोगाने सुटली. तेथे त्या काळात आठवीचे विद्यार्थी पसंतीक्रमाने बारापर्यंत माध्यमिक शाळांची नावे देत आणि संगणकप्रणाली प्रवेश ठरवत असे. ज्या छोट्या शाळेला जागांपेक्षा अधिक अर्ज येत, तेथे निवड सोडतीने होई. त्यामुळे सोडतीत नाव लागलेली आणि न लागलेली मुले इतर सर्व बाबतींत सारखीच होती.

एमडीआरसी या संशोधन संस्थेने १२३ पैकी १०५ शाळांच्या सोडतींतील वीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. पहिला अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ च्या अहवालानुसार छोट्या शाळेत प्रवेश मिळालेल्यांपैकी सुमारे ६८ टक्के विद्यार्थी चार वर्षांत शालान्त शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले. प्रवेश न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ५९ टक्के होते. पुढील अभ्यासात महाविद्यालयीन प्रवेशाचे प्रमाणही आठ टक्क्यांच्या आसपास अधिक आढळले. विशेष म्हणजे, पाचव्या वर्षापर्यंत रखडणारे विद्यार्थी कमी झाल्याने शिक्षण पूर्ण करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागील खर्चही कमी भरला. छोटी शाळा महाग पडते, या समजाला त्यामुळे छेद गेला.

जेथे प्रयोग फसला

हाच मार्ग इतरत्र मात्र अपयशी ठरला. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथील मॅन्युअल माध्यमिक शाळेचे २००१ मध्ये एकाच इमारतीत तीन शाळांत विभाजन करण्यात आले. गेट्स प्रतिष्ठानाने त्यासाठी अर्थसाहाय्य दिले होते. पटसंख्या घटत गेली, तिन्ही शाळांना पुरेसे विषय आणि उपक्रम देणे अशक्य झाले आणि निकाल खालावलेलेच राहिले. अखेर २००६ मध्ये शाळा बंद करावी लागली. वर्षभराने ती एकच शाळा म्हणून पुन्हा उघडली.

गेट्स प्रतिष्ठानाने या दशकात माध्यमिक शाळांच्या सुधारणेसाठी सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च केले. मात्र साहाय्य दिलेल्या अनेक छोट्या शाळांत विद्यार्थ्यांच्या प्रगतीत लक्षणीय सुधारणा झाली नाही, अशी कबुली बिल गेट्स यांनी २००९ च्या वार्षिक पत्रात दिली. ज्या शाळांनी केवळ रचना बदलली आणि अध्यापन, शिक्षकनिवड व शाळेचे वातावरण यांना हात लावला नाही, तेथे अपयश अधिक होते.

न्यूयॉर्क आणि डेन्व्हर यांतील मुख्य फरक येथे लक्षात येतो. न्यूयॉर्कमध्ये जुनी शाळा हळूहळू बंद करून नव्या मुख्याध्यापकांनी नव्याने निवडलेल्या शिक्षकांसह नववीपासून नवी शाळा उभारली. डेन्व्हरमध्ये चालू शाळेतील विद्यार्थी आणि शिक्षक यांचीच तीन गटांत वाटणी झाली.

आकडेवारीतील सापळा

छोट्या शाळांविषयीच्या उत्साहामागे एक सांख्यिकीय गफलतही होती. सर्वोत्तम निकालाच्या शाळांची यादी काढली की त्यांत छोट्या शाळा प्रमाणाबाहेर जास्त दिसत. हॉवर्ड वेनर आणि हॅरिस झ्वर्लिंग या अभ्यासकांनी २००६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया राज्यातील आकडेवारी तपासली, तेव्हा सर्वांत खालच्या शाळांच्या यादीतही छोट्या शाळाच प्रमाणाबाहेर जास्त आढळल्या. कारण साधे आहे. वीस मुलांच्या शाळेत चार-पाच हुशार किंवा मागे पडलेली मुले आली तरी सरासरी झपाट्याने वर-खाली होते. हजार मुलांच्या शाळेत ती स्थिर राहते. त्यामुळे केवळ गुणवत्ता यादी पाहून शाळेच्या आकाराविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. सोडतीवर आधारलेल्या न्यूयॉर्कच्या अभ्यासाचे महत्त्व यामुळेच अधिक आहे.

किंमत कोणी मोजली?

विभाजनाची झळ काहींना बसली. बंद होणाऱ्या शाळांत शेवटच्या इयत्तांत राहिलेल्या मुलांना शिक्षक आणि सोयी कमी होत गेल्याचा अनुभव आला. उरलेल्या मोठ्या शाळांवर विद्यार्थ्यांचा भार वाढला. विशेष गरजा असलेल्या आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलांना सुरुवातीच्या वर्षांत छोट्या शाळांत पुरेसा प्रवेश मिळाला नाही, अशी तक्रार पालक संघटनांनी केली. एकाच इमारतीतील शाळांमध्ये व्यायामशाळेच्या वेळा, भोजनगृह आणि जिने यांवरून वाद झाले. वाद्यवृंद, प्रगत विज्ञान, दुसरी परकीय भाषा असे मोठ्या शाळेला सहज जमणारे उपक्रम अनेक छोट्या शाळांना सोडून द्यावे लागले.

आकार लहान झाल्याने काय बदलते?

उपलब्ध अनुभवावरून काही बाबी स्पष्ट होतात. शाळा लहान असणे आणि वर्ग लहान असणे या भिन्न गोष्टी आहेत. चारशेच्या शाळेतही वर्गात तीस विद्यार्थी असू शकतात. शाळा लहान असली की शिक्षकांचा एकच गट त्याच मुलांना शिकवतो आणि त्यांच्याविषयी आपसांत बोलू शकतो. मूल तीन दिवस आले नाही, तर ते कोणाच्या तरी लक्षात येते. मुख्याध्यापक प्रत्येक मुलाला नावाने ओळखू शकतात. आकारामुळे ही शक्यता निर्माण होते. ती प्रत्यक्षात आणायची की नाही, हे शिक्षक आणि प्रशासन ठरवतात.

भारतातील चित्र

भारतातील प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार २०१६-१७ मध्ये देशातील सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत ३० पेक्षा कमी विद्यार्थी होते आणि एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी होत्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे पाच इयत्ता दोघांनी सांभाळायच्या. न्यूयॉर्कमधील ‘छोटी’ शाळा चारशे विद्यार्थ्यांची आणि विषयवार शिक्षकांची असते. आपली छोटी शाळा वीस मुलांची असते. एकीचा दाखला देऊन दुसरीचे समर्थन किंवा विरोध करणे योग्य नाही.

यावर राजस्थान, उत्तर प्रदेश आदी राज्यांनी शाळांच्या विलीनीकरणाचा मार्ग घेतला. महाराष्ट्रातही २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळांच्या संदर्भात २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना पुढे आली. शाळा वाडी-पाड्यापासून दूर गेल्यास लहान मुलांची, विशेषतः मुलींची गळती वाढेल, असा आक्षेप शिक्षक व पालक संघटनांनी घेतला. राष्ट्रीय धोरणाने मधला मार्ग सुचवला आहे. पाच ते दहा किलोमीटर परिसरातील अंगणवाड्या आणि शाळा एका माध्यमिक शाळेशी जोडून ‘शाळा संकुल’ करायचे, शाळा जागेवरच ठेवून विषयशिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि क्रीडासाहित्य सामाईक वापरायचे, अशी ही कल्पना आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ती प्रथम मांडली होती.

एका छताखाली अनेक शाळा ही रचना आपल्याला अपरिचित नाही. मुंबई महापालिकेच्या अनेक इमारतींत मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा स्वतंत्र मुख्याध्यापकांसह चालतात. दिल्लीत एकाच वास्तूत सकाळी मुलींची आणि दुपारनंतर मुलांची सरकारी शाळा भरते. जवाहर नवोदय विद्यालयांत दरवर्षी सहावीत साधारण ८० विद्यार्थी घेतले जातात आणि सहावी ते बारावीच्या मुलांची सदनांत विभागणी होते. महानगरांत ज्या सरकारी शाळांचा पट काही हजारांवर गेला आहे, त्यांच्यासाठी ही उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत.

शाळांचे विभाजन असो वा विलीनीकरण, निर्णय घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : या बदलानंतर प्रत्येक मुलाला ओळखणारा आणि त्याच्या शिकण्याची जबाबदारी घेणारा शिक्षक त्याला मिळणार आहे का? न्यूयॉर्कमध्ये याचे उत्तर आधी लेखी मागितले गेले. डेन्व्हरमध्ये केवळ इमारतीची वाटणी झाली. दोन्ही शहरांतील मुलांना त्याचे परिणाम भोगावे लागले.