समाजाच्या कामी येणारे गुण

श्रींच्या कृपेने आणि ग्रामस्थ, मुंबई-पुणेकर मंडळी व देणगीदार यांच्या सहकार्याने आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार पुरा झाला. देवळाचा इतिहास जाणती मंडळी लिहितीलच. मी आपल्या जिल्ह्याशी नाते असलेल्या तीन व्यक्तींचे स्मरण करून, समाजाच्या कामी यावयाचे तर अंगी कोणते गुण हवेत, एवढेच अल्पमतीनुसार सांगतो.

पहिले हैबतबाबा आरफळकर. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हे गृहस्थ शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. पुढे ते सारे सोडून आळंदीस माउलींच्या सेवेत राहिले. ज्या पालखीची लोणंदकर वर्षभर वाट पाहतात, जी नीरेचे स्नान उरकून आपल्या वेशीत येते, तिला आजचे रूप त्यांनी १८३२ च्या सुमारास दिले. अंकलीच्या शितोळे सरदारांचे साहाय्य घेतले, दिंड्यांचा क्रम लावला, भजनाचा नेम ठरविला. भक्ती पुष्कळांच्या ठायी असते. त्यांनी तिला शिस्त लावली. म्हणूनच बाबांच्या पश्चातही सोहळा अडला नाही. आळंदीस महाद्वारात त्यांची पायरी आहे. सरदारकी भोगलेल्या माणसाने पायरी होणे पत्करले, हे विसरू नये.

दुसऱ्या सावित्रीबाई फुले. ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला तो आपल्याच खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे, नेवसे पाटलांच्या घरी. पतीजवळ अक्षरे गिरवून त्या शिकल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. वाटेत लोक अंगावर शेणमाती टाकीत. त्या जवळ दुसरे लुगडे बाळगीत, शाळेत जाऊन ते नेसत व शिकवावयास उभ्या राहत. भांडत बसल्या नाहीत आणि एक दिवस घरीही बसल्या नाहीत. १८९७ च्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात पोहोचविले. त्याच साथीने १० मार्च रोजी त्यांना नेले. याला म्हणतात धीर.

तिसऱ्या लक्ष्मीबाई पाटील. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीत जेवत. धान्य संपले, पैसा उरला नाही, तेव्हा या माउलीने अंगावरचे दागिने काढून दिले; अखेर मंगळसूत्रही दिले. आज रयतेच्या शाळांत शिकून किती घरे वर आली! त्या वटवृक्षाच्या मुळाशी हे सोने आहे. पण मुळे कोणास दिसत नाहीत.

शिस्त, धीर आणि त्याग असे हे तीन गुण झाले. यांपैकी एकही विद्वत्तेने वा श्रीमंतीने मिळत नाही. तो ज्याचा त्याने अंगी बाणवावा लागतो.

आता थोडे स्पष्ट लिहितो, राग नसावा. देऊळ बांधताना उत्साह दांडगा असतो. कळस चढला की झाडलोट, दिवाबत्ती व जमाखर्च दोघा-तिघांच्या गळ्यात पडतो, आणि पुढे पुन्हा वर्गणीची वही फिरवावी लागते. ज्यांची नावे शिळेवर आहेत त्यांचा मान आहेच. परंतु ज्या मायबहिणींनी विटा वाहिल्या, पाणी भरले, गवंड्यांना भाकरी करून घातल्या, त्यांची नावे कोठे कोरली जात नाहीत. त्या लक्ष्मीबाईंच्याच वाटेने गेल्या.

म्हणून नम्र सूचना अशी की, कामांच्या पाळ्या आताच ठरवून लिहून ठेवाव्यात, दरवर्षी हिशेब सर्वांसमोर वाचावा आणि या पायऱ्यांवर प्रत्येकाचे पाऊल सारख्याच मानाने पडावे. शिळेवर नाव असो वा नसो, आपणांस या मंदिराची एखादी पायरी होता यावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.