तिबोटी खंड्या : पावसाळी ओढ्यांचा पाहुणा

तिबोटी खंड्या हा जेमतेम १३ सेंटिमीटर लांबीचा, भारतातील सर्वांत लहान खंड्या मानला जातो. बहुतेक खंड्यांच्या पायांना चार बोटे असतात. याला तीनच असल्याने हे नाव पडले. तांबडी-नारिंगी चोच, पिवळे पोट, काळसर निळे पंख आणि पाठीवरील जांभळट झळाळी ही त्याची ओळख आहे. कार्ल लिनीयस यांनी १७५८ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. भारत व श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंत त्याचा वावर आहे.

मोठ्या जलाशयांपेक्षा घनदाट झाडीतील सावलीचे ओढे तो पसंत करतो. पाली, सापसुरळ्या, बेडूक, लहान खेकडे आणि कीटक हे त्याचे भक्ष्य असल्याने ओढ्याकाठच्या अन्नसाखळीत त्याचे स्वतंत्र स्थान आहे.

कोकणात हा पक्षी नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर विणीसाठी दाखल होतो. नर-मादी मिळून ओढ्याच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या उभ्या दरडीत बोगद्यासारखे बीळ कोरतात. मादी साधारणतः चार ते पाच अंडी घालते. अंडी उबवणे व पिलांना भरवणे ही कामे दोघेही करतात.

रायगड जिल्ह्याचा मानचिन्ह पक्षी म्हणून त्याला मान मिळाला आहे. जागतिक स्तरावर या प्रजातीला तूर्त नामशेष होण्याचा धोका नाही. मात्र जंगलतोड झाली वा ओढ्यांच्या काठांना काँक्रीटचे अस्तर दिले, की बिळासाठी लागणारी मऊ मातीच उरत नाही. त्यामुळे या पक्ष्याचे संरक्षण म्हणजे प्रत्यक्षात ओढ्याचा मातीचा काठ आणि त्यावरील सावली जपणे होय.