वेगाची शाळा : मद्रासचे मैदान आणि दोन मराठी मुले

तमिळ प्रदेश आणि मराठी माणूस यांच्या नात्याचा विषय निघाला, की आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते तंजावर. व्यंकोजीराजांची गादी आणि सरफोजीराजांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय यांचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु या नात्याचे एक अलीकडचे पान चेन्नईतील चेतपेट भागात, मद्रास ख्रिश्चन कॉलेज शाळेच्या मैदानावर लिहिले गेले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याचीही नोंद असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

वेगवान गोलंदाजी ही आपल्या मातीतली विद्या नव्हे, असा समज या देशात दीर्घकाळ रूढ होता. महाराष्ट्राने दत्तू फडकर दिले. बुटक्या चणीच्या रमाकांत देसाईंनी 28 कसोटींत 74 बळी घेतले. पांडुरंग साळगावकरांच्या वेगाचा बोलबाला झाला, पण कसोटीची टोपी त्यांना लाभली नाही. ही सारी एकेकट्याची तपश्चर्या होती. वेग शिकविणारी शाळा मात्र कोठेच नव्हती. कपिल देव यांच्या उदयानंतरही दुसऱ्या टोकाकडून चेंडू कोणी टाकावा, हा प्रश्न उरलाच.

1987 साली एम. आर. एफ. या टायर-उद्योगातील रवी मामेन यांच्या पुढाकाराने तेव्हाच्या मद्रासमध्ये 'पेस फाउंडेशन' सुरू झाले. मार्गदर्शक म्हणून आले ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली. 70 कसोटींत 355 बळी ही त्यांची कीर्ती होती. आमच्या मते मात्र त्यांची खरी पात्रता निराळी होती. 1973 साली त्यांच्या पाठीच्या मणक्यांना भेगा गेल्या. सक्तीची विश्रांती आणि कठोर व्यायाम यांच्या बळावर त्यांनी आपली गोलंदाजी नव्याने घडविली आणि 1974-75 च्या मोसमात ते कसोटीत परतले. चुकीच्या शैलीची किंमत शरीराला कशी मोजावी लागते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्या शिक्षणाचे मर्म थोडक्यात असे. चेंडू टाकताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार क्षणभरात पायातून कण्यापर्यंत पोहोचतो. गोलंदाजाने अंग आडवे ठेवून खांदा फलंदाजाकडे रोखावा किंवा छाती समोर ठेवावी. दोन्ही रीती चालतात. मात्र कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला राहिले, तर कमरेजवळचे मणके पिळले जातात. कोवळ्या वयात हा पीळ दिवसेंदिवस पडत राहिला, की हाडाला सूक्ष्म भेग जाते आणि उमलता खेळाडू कायमचा घरी बसतो. म्हणून धावण्याची लय, मागच्या पावलाची दिशा आणि पुढच्या हाताची ओढ यांची घोटणी आधी, वेग त्यामागून. निसर्गाने वेग दिला, तरी तो पेलण्याची रीत देहाला शिकवावी लागते.

या शाळेच्या आरंभीच मुंबईचा एक चौदा वर्षांचा मुलगा वेगवान गोलंदाज होण्याच्या उमेदीने मद्रासला आला. लिलींनी त्याला पारखले आणि फलंदाजीकडेच लक्ष देण्याचा सल्ला दिला. तो मुलगा म्हणजे सचिन तेंडुलकर! 1989 च्या पाकिस्तान दौऱ्यात तो भारताकडून खेळला. त्याच दौऱ्यातील सियालकोटच्या कसोटीत याच शाळेत तयार झालेल्या विवेक राझदानने एका डावात पाच बळी घेतले, तर नाकावर चेंडू बसूनही सचिनने 57 धावा काढल्या. एकाला शाळेने घडविले. दुसऱ्याला वेळीच त्याच्या वाटेला लावले. दुसरे काम पहिल्याहून कमी मोलाचे होते, असे आम्हांस वाटत नाही.

दुसरा मुलगा श्रीरामपूरचा, नगर जिल्ह्यातल्या साखरपट्ट्यातला. झहीर खानने अभियांत्रिकीचे शिक्षण बाजूला ठेवून मुंबई गाठली. सुधीर नाईक यांच्या क्लबाने आसरा दिला. तेथील त्याचा डावखुरा मारा टी. ए. शेखर यांच्या नजरेत भरला आणि त्यांनी त्याला चेन्नईस आणले. 2000 साली तो भारताकडून खेळला. पुढे संघातील जागा गेली, तेव्हा 2006 मध्ये इंग्लंडच्या वूस्टरशायरकडून खेळताना धाव आखूड करून त्याने एका मोसमात 78 बळी घेतले. शैली पुन्हा घडविता येते, हा लिलींचा धडाच त्याने गिरविला म्हणायचा! 2011 च्या विश्वचषकात त्याने 21 बळी घेतले. कसोटीत त्याची संख्या 311 वर थांबली.

लिलींनी पंचवीस वर्षे ही धुरा वाहिली. 2012 मध्ये ती ग्लेन मॅग्रा यांच्याकडे आली. तेही तरुणपणी याच मैदानावर शिकून गेले होते.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे. मुलांच्या अंगचे गुण पारखणारा जाणता मनुष्य परक्या मुलुखात कोठे भेटावा, ही चिंता आपल्या घराघरांत असते. श्रीरामपूरच्या मुलाला तो मुंबईत आणि चेन्नईत भेटला. त्याची भाषा निराळी होती. नजर मात्र स्वच्छ होती.