झबल्याची किंमत

परवा भाचीच्या झबल्यांसाठी वर्ध्यात सेंद्रिय कापसाची खादी बघत होतो. पळसाच्या फुलांचा पिवळा, निळीचा निळा... रंग मस्त! किंमत ऐकून मात्र हात आखडला.

घरी येऊन जरा वाचलं. १९३५ साली चरखा संघाने वर्ध्यातच ठरवलं, की सूत कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी द्यायचीच. गांधीजींना तर आठ तासांना आठ आणे हवे होते. खादी महागणार हे ठाऊक असूनही! पुढे ३० डिसेंबर १९३८ ला त्यांनीच इथलं मगन संग्रहालय उघडलं. आज तिथे सेंद्रिय कापूस, नैसर्गिक रंगांचं काम चालतं.

म्हणजे झबलं स्वस्त पडतं, तेव्हा उरलेले पैसे कातणारीच्या खिशातून जातात. असो. दुसऱ्या दिवशी जाऊन पिवळं कापड घेतलं.