शालजोडी आणि संभावना

'संभावना' हा शब्द आजच्या मराठीत बहुधा निंदेच्या वाक्यात येतो. एखाद्याची 'अर्धवट' अशी संभावना झाली, असे म्हटले की अपमान झाल्याचेच ऐकणाऱ्याला कळते. मुळात मात्र संभावना म्हणजे आदर, आणि त्यातूनच पंडित, वैदिक, वैद्य किंवा कीर्तनकार यांना वस्त्र, रोख रक्कम अथवा दोन्ही देऊन केलेला गौरव, तसेच त्या गौरवात हाती पडणारी रक्कमही. शालजोडीची, म्हणजे विद्वानाच्या खांद्यावर घातल्या जाणाऱ्या शालींच्या जोडीची, गत याहून वेगळी झाली नाही, कारण 'शालजोडीतले' देणे म्हणजे सभ्य शब्दांत गुंडाळून जोडे हाणणे. आणि ज्याची संभावना होते तो 'संभावित' हा शब्दही ढोंगी सभ्यतेला चिकटला. सन्मानाचे तीन शब्द एकाच उतारावरून घसरावेत हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. पारख न करता दिलेला मान समाजाच्या नजरेतून सुटत नाही आणि भाषा त्याची नोंद ठेवते, असे या तिन्ही शब्दांच्या वाटचालीवरून दिसते.

या सन्मानाचे वस्त्र विणणाऱ्या गावांमध्ये नाशिक जिल्ह्यातील येवल्याचे स्थान मोठे आहे. पैठणची विणकामाची विद्या येवल्यात आणवून गावाला पेठेचे रूप देण्याचे श्रेय स्थानिक परंपरा रघोजी नाईक यांना देते, आणि खत्री, साळी, कोष्टी अशा विणकर समाजांच्या हातांवर येथील शेले, पीतांबर व पैठण्या नावारूपाला आल्या. पैठणीचा पदर साध्या धोट्याने विणला जात नाही. नक्षीतील प्रत्येक रंगासाठी बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, वेगळा तुकडा छोट्या काडीवर गुंडाळलेला असतो, तो जिथे आपला रंग संपतो तिथेच शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवला जातो, आणि त्यामुळे मागच्या बाजूला लोंबते धागे राहत नाहीत. बांगडी मोर असो की आसावली, म्हणजे फुलवेलीची नक्षी, ती उलट बाजूनेही तशीच दिसते, म्हणूनच जाणते गिऱ्हाईक किंमत विचारण्याआधी पदर उलटून पाहते. येवल्याच्या पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक चिन्हांकनाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. पदर उलटण्याची रीत त्यापूर्वीची, आणि ग्राहकाच्या दृष्टीने अधिक उपयोगाची.

पेशवाईतील दक्षिणेच्या प्रथेत अशी पदर उलटून पाहण्याची सोय होती. यज्ञ किंवा धर्मकृत्य करणाऱ्याला द्यावयाचे मानधन हा 'दक्षिणा' या शब्दाचा जुना अर्थ. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची पद्धत सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावला चालवली होती, आणि १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव मारले गेल्यानंतर ती पहिल्या बाजीरावाने पुण्याकडे घेतली. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात, म्हणजे बंदिस्त आवारात, सरसकट वाटप होई खरे, पण वेद, न्याय, व्याकरण अशा शास्त्रांत नाव सांगणाऱ्यांची शास्त्र्यांपुढे परीक्षा होऊन त्यांची रक्कम त्यांच्या वकुबाप्रमाणे ठरे, आणि निवडक पंडितांना वर शालही मिळे. ही परीक्षा काटेकोर असली तरी तिचे दार एकाच वर्णाच्या पुरुषांसाठी उघडे होते, आणि रमण्यातली गर्दी जसजशी वाढली तसतसे विद्येचे बक्षीस आणि धर्मादाय यांतील अंतर पुसट होत गेले.

इंग्रजी अंमल आल्यावर एल्फिन्स्टन यांच्या धोरणाने दक्षिणा एकदम बंद न करता तिचा पैसा शिक्षणाकडे वळवला आणि त्यातूनच १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. हा निधी मराठीतील नव्या ग्रंथांच्या कामी यावा, असा अर्ज पुण्यातील सुधारकांनी केला, आणि १८५१ मध्ये ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. त्याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मोल्सवर्थच्या कोशकार्यातील सहकारी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा शाळा चालवल्याबद्दल शाल देऊन सरकारी सत्कार झाला. रमण्याच्या दारातही ज्याला उभे केले गेले नसते, अशा माळी समाजातील शिक्षकाच्या खांद्यावर अध्यापनासाठी, आणि केवळ अध्यापनासाठी, ती शाल पडली. तीनच वर्षांनी त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडले तेव्हा मात्र ते नाकारले गेले. शिकवण्याचा मान एका हाताने आणि लेखनाची परीक्षा दुसऱ्या हाताने, अशी फारकत मराठी मुलखात इथेच प्रथम ठळकपणे दिसते.

पुढे याच निधीतून 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. महाविद्यालयात थोडे शिकवायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास वाढवायचा, अशी ही नेमणूक असे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे यांनी ती भूषवली. वर्षातून एकदा खांद्यावर पडणाऱ्या शालीऐवजी दरमहा हाती येणारी सवड देणे, हा सन्मानाच्या इतिहासातील सर्वांत शहाणा बदल म्हणावा लागेल.

व्यापारशिक्षणाचा अध्यापक सन्मानित विद्वानांच्या या वंशात बराच उशिरा आला. हिशेब, हुंडी आणि वायदा या विद्या पेढीवर शिकायच्या, वर्गात नव्हे, ही समजूत मोडण्यास १९१३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयाने सुरुवात केली. नोव्हेंबर १९१८ मध्ये तेथे राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून भीमराव आंबेडकर रुजू झाले. त्यांची तयारी इतकी कसून असे की इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या व्याख्यानांना बसत, असे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात, आणि प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतल्याचेही तेच सांगतात. अध्यापनाची पावती वर्गात मिळत होती, अध्यापकाचा मान पाण्यापाशी अडत होता. १९२० मध्ये नोकरी सोडून ते लंडनला परतले आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा त्यांनी केली तेव्हा ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, ही गोष्ट त्या घोषणेचे स्मारक असलेल्या येवल्यातील मुक्तिभूमीच्या संदर्भात सहसा सांगितली जात नाही. कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये त्यांना सन्मान्य पदवी दिली.

व्यवस्थापनशास्त्राच्या संस्था त्यानंतरच्या: अहमदाबाद व कोलकाता येथील १९६१च्या आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने मुंबईत उभी राहिलेली जमनालाल बजाज संस्था १९६५ची. त्याआधी, १९५९ मध्ये, फोर्ड आणि कार्नेगी या संस्थांनी करवून घेतलेल्या दोन अहवालांनी अमेरिकेतील व्यापारविद्यालयांचे संशोधन तोकडे असल्याचे ठणकावून सांगितले होते, आणि तेव्हापासून तेथील अध्यापकाचे मोल वर्गापेक्षा शोधनिबंधांवर ठरू लागले. उत्कृष्ट अध्यापनासाठी स्वतंत्र पारितोषिके ठेवण्याची निकड या असमतोलातून वाढली असावी. आज अध्यापनाची पारख विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाने, संशोधनाची समविषयी तज्ज्ञांच्या परीक्षणाने होते, आणि ज्येष्ठ विद्वानाला 'अध्यासन', म्हणजे देणगीच्या व्याजावर चालणारे प्राध्यापकपद, दिले जाते, जे दक्षिणा फेलोच्या नात्यातलेच आहे. पारितोषिकाच्या समारंभात शाल आणि श्रीफळ तरीही येतेच; ती शाल बहुतेक वेळा यंत्रमागावरची असते, आणि ती उलटून पाहण्याची रीत नाही.