चित्रपटाची मराठी परिभाषा : नाटकाचा वारसा आणि कॅमेऱ्याची क्रिया

कलेची परिभाषा म्हणजे सोयीसाठी लावलेल्या नावांची यादी नव्हे. त्या कलेत काय पाहावयाचे आणि कशाकडे दुर्लक्ष करावयाचे, हे परिभाषा बऱ्याच अंशी आधीच ठरवीत असते. मराठी चित्रपट-परिभाषेचा इतिहास या दृष्टीने तपासला असता एक विसंगती जाणवते. मराठीने चित्रपटाला व तो घडविणाऱ्यांना नावे दिली; ज्या क्रियांनी चित्रपट घडतो त्यांना मात्र ती क्वचितच दिली.

‘चित्रपट’ या शब्दाचे श्रेय अनेकदा सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीला दिले जाते. परंतु दादासाहेब फाळके यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलेल्या लेखमालेचे शीर्षकच ‘भारतीय चित्रपट’ असे होते. त्यापूर्वी, १८९० च्या दशकात, कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी आपल्या जादूच्या कंदिलाच्या खेळांना ‘शांबरिक खरोलिका’ हे नाव दिले होते. ते त्या खेळांबरोबरच मागे पडले. चित्रित वस्त्रासाठी संस्कृतात रूढ असलेला ‘चित्रपट’ मात्र रुजला. मूकपट, बोलपट, अनुबोधपट, पटकथा अशी शब्दांची वेलच ‘पट’ या पदावर वाढली.

उरलेली गरज रंगभूमीने भागविली. नेपथ्य, वेशभूषा, प्रवेश, पडदा हे शब्द नाटकाकडून आले आणि ते स्वाभाविकही होते. नट, गायक व प्रेक्षक यांपैकी अनेक जण तेथूनच आले होते. फाळक्यांची दृष्टी मात्र यंत्राकडे लागलेली होती. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पूर्वी त्यांनी अंकुराच्या वाढीची थोडीथोडी छायाचित्रे घेऊन काही दिवसांचा काळ काही क्षणांत दाखविला होता. पुढे चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा लघुपटही त्यांनी काढला. कॅमेरा थांबवावयाचा, पात्र हलवावयाचे, पुन्हा कॅमेरा सुरू करावयाचा, या कृतीतून देव प्रकट होत असे. मराठीत या कृतीला ‘ट्रिकसीन’ हे नाव पडले. कालाशी केलेला हा व्यवहार अशा रीतीने रंगमंचावरील चमत्कारांच्या पंक्तीत जाऊन बसला.

‘संकलन’ या शब्दाने याहून सूक्ष्म गैरसमज रूढ केला. संकलन म्हणजे एकत्र करणे. लेखांचे वा कवितांचेही संकलन होते. चित्रफीत कापताना मात्र घेण्याइतकेच टाकणेही निर्णायक असते, आणि दोन चित्रखंडांच्या सांध्यावर दोहोंतही नसलेला अर्थ जन्माला येतो. ‘जोडकाम करणारा’ अशी संकलकाची जी प्रतिमा मराठी समीक्षेत दीर्घकाळ राहिली, तिला या शब्दाचाही हातभार लागला असावा.

याची किंमत समीक्षेने मोजली. ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये पडदाभर पसरलेला राजगुरूचा डोळा हा अभिनयाइतकाच भिंगाचा पराक्रम आहे. ‘कुंकू’ (१९३७) मध्ये पार्श्वसंगीताऐवजी नित्याचे ध्वनी योजिले आहेत. ‘पार्श्वसंगीत’ या शब्दापाशी थांबणाऱ्या समीक्षेला तेथे केवळ अभाव दिसतो, रचना दिसत नाही. कथा, अभिनय, गाणी व सामाजिक आशय यांवर विपुल लिहिले गेले; चौकट, प्रकाश व ध्वनी यांवर तुरळक.

प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थेने (१९६८) चित्रपट पाहण्याची शिस्त रुजविली. अरुण खोपकरांच्या ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ (१९८५) या ग्रंथाने प्रतिमेचे बारकाईने वाचन मराठीत करून दाखविले. तरीही शीर्षकासाठी ‘अंक’ रंगभूमीकडूनच घ्यावा लागला, ही गोष्ट बोलकी आहे.

यावर नवे संस्कृत प्रतिशब्द घडविणे हाच उपाय आहे, असे नाही. श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतनसारख्या गावातला प्रेक्षकही ‘पिक्चर’, ‘इंटरव्हल’ हे शब्द सहज वापरतो. ‘शॉट’, ‘कट’, ‘क्लोज-अप’ हे स्टुडिओतील मराठी कामगाराचे रोजचे शब्द आहेत. ते परके राहिलेले नाहीत. उणीव आहे ती त्यांना विवेचनात नेमका अर्थ देण्याची. एखादा कट तेथेच का आला, याचे उत्तर मराठी वाक्यात देता येऊ लागेल, तेव्हाच नाटकाच्या घरी वाढलेली ही परिभाषा स्वतःच्या घरी राहावयास जाईल.